बाळाचं नाव ठेवताना: दोन घरांच्या प्रथा एका नावात कशा बसवायच्या

दोन घरं, कधी दोन भाषा, कधी दोन धर्म, आणि नाव ठेवायला बाळ एकच. एका बाजूला जन्मनक्षत्राचं अक्षर, दुसऱ्या बाजूला पणजोबांचं नाव, आणि मध्ये आईबाबांनी फोनमध्ये जपून ठेवलेली यादी. नावांची पुस्तकं अशा वेळी फारशी कामाला येत नाहीत. त्यांत नावं हजारो असतात, पण कुणाचं म्हणणं कुठे बसवायचं ते नसतं.

माझ्या मते सुरुवात प्रथेच्या हेतूपासून करावी. कुणाची आठवण राहावी, बाळाला दृष्ट लागू नये, घराण्यात त्याची जागा ठरावी, असं काहीतरी प्रत्येक प्रथेमागे असतं. हेतू कळला की तो पाळायच्या चार वाटा सापडतात. नुसता नियम धरून बसलं तर एकच वाट उरते, आणि नेमकी तीच दुसऱ्या घराच्या अंगणातून जाते.

१. आधी दोन तारखा लिहून घ्या

एक तारीख विधीची, एक कायद्याची. विधी बहुतेक ठिकाणी लवकर असतो. यहुदी मुलाचं नाव आठव्या दिवशी, सुंतेच्या वेळी जाहीर होतं. मुस्लिम घरांत अकीका, म्हणजे बाळाच्या जन्मानिमित्तचा कुर्बानीचा विधी, सातव्या दिवशी करण्याची पद्धत आहे. नायजेरियातले योरुबा आणि घानातले अकान लोक आठवा दिवस धरतात, तर हिंदू घरांत दहावा-बारावा. जपानमध्ये सातव्या रात्री बाळाचं नाव ब्रशने कागदावर लिहून घरात लावतात. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांत बाप्तिस्म्याचं नाव मिळायला मुलाला चाळीस दिवस लागतात आणि मुलीला ऐंशी. पूर्वी पहिला आठवडा सुखरूप पार पडणं हीच मोठी गोष्ट होती, हे ध्यानात घेतलं की सात-आठ दिवस थांबण्याची रीत इतक्या दूरदूरच्या समाजांत का दिसते ते कळतं.

कायद्याच्या मुदती यापेक्षा वेगळ्या. जपानमध्ये जन्मनोंद १४ दिवसांत करावी लागते. इंग्लंडमध्ये ४२ दिवस मिळतात. जर्मनीत जन्म आठवड्याभरात कळवायचा असतो, नावासाठी मात्र महिनाभर थांबता येतं. डेन्मार्क आणि आइसलँडमध्ये नावाला सहा महिने आहेत. भारतात जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची, पण नावाशिवायही नोंद होते. नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून टाकता येतं.

म्हणून दवाखान्यातून घरी जायच्या गडबडीत कुणीतरी फॉर्म पुढे केला म्हणून नाव लिहून टाकू नका. 'नावाशिवाय नोंद होते का, आणि नाव कधीपर्यंत टाकता येतं' हे आधी विचारा. विधीची तारीख घरच्या घरी पुढे ढकलता येते. कायद्याची मुदत तशी ढकलता येत नाही.

२. दोन्ही घरांना प्रश्न विचारा, पण 'कोणतं नाव आवडतं' हा नको

हा प्रश्न विचारला की माणूस एका नावाला चिकटतो, आणि मग ते नाव नाकारणं म्हणजे त्याला नाकारणं होऊन बसतं. त्याऐवजी हे विचारा:

- तुमच्याकडे नाव कोण ठेवतं, आणि जाहीर कोण करतं?
- कुणाचं नाव पुन्हा ठेवणं मानाचं? कुणाचं ठेवूच नये?
- अक्षर, वार, जन्माचा क्रम किंवा पिढी यांचं काही बंधन आहे?
- घरात कुणाला ऐकवणार नाही असं एखादं नाव आहे का?

बाळ होण्याआधी, निवांत वेळी आणि दोन्ही घरांशी वेगवेगळं बोला. एकत्र बसवलं की प्रत्येक जण आपापल्या घराचा वकील होतो.

या चारांतला दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. एका घरात जो मान, तोच दुसऱ्या घरात अपमान किंवा अपशकुन ठरू शकतो. ग्रीसमध्ये थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव द्यायची जुनी चाल आहे, आजोबा समोर खुर्चीत बसलेले असले तरी. त्यामुळे एकाच आजोबांची तीन-चार नातवंडं त्यांच्याच नावाची असतात आणि जेवणाच्या टेबलावर एका हाकेला सगळी वळून पाहतात. सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या, यहुदींमध्येही हयात आजी-आजोबांचं नाव देणं हा त्यांचा सन्मानच. पण पूर्व युरोपातून आलेल्या आश्केनाझी यहुदी घरात हयात माणसाचं नाव बाळाला दिलं, तर जणू त्याच्या जाण्याची वाट पाहिल्यासारखं होतं. तिथे नाव ठेवायचं ते दिवंगताचं. चिनी परंपरेत तर वडीलधाऱ्यांच्या नावातलं अक्षरही टाळतात, कारण रोज नातवाला ओरडताना आजोबांचं नाव तोंडी घेणं हा उर्मटपणा झाला.

आता असं घर डोळ्यांसमोर आणा, जिथे आई ग्रीक आहे आणि बाबा आश्केनाझी. 'आजोबांचं नाव ठेवू या' हे एकच वाक्य एका आजोबांना सुखावेल आणि दुसऱ्यांना हादरवेल. इथे हेतू विचारायचा. दोघांनाही आठवण पुढे जायला हवी आहे. मग ग्रीक पणजोबांचं, म्हणजे गेलेल्या माणसाचं नाव दोन्हीकडे चालेल. किंवा आजोबांच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर घ्या. आश्केनाझी घरांत, विशेषतः अमेरिकेत, ही पळवाट सर्रास वापरतात: आजी 'र'ची होती, म्हणून नातही 'र'ची. अर्थ तोच ठेवून भाषा बदलणं हाही एक मार्ग आहे.

दिवंगताचं नाव ठेवण्यात एक जोखीम असते आणि ती बोलून घ्यावी. योरुबांमध्ये आजोबा गेल्यानंतर जन्मलेल्या मुलाला बाबाटुंडे म्हणतात, म्हणजे 'बाबा परत आले', आणि आजीनंतरच्या मुलीला येटुंडे. उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांत तर गेलेल्याचं नाव घेतलेल्या बाळाला त्या माणसाच्या नात्यानेच हाक मारतात. आजी तान्ह्या नातवाला 'माझा नवरा' म्हणू शकते, आणि त्यात थट्टा नसते. तिथे पूर्ण समाज ते नातं सांभाळतो, म्हणून ते पेलतं. जिथे अशी व्यवस्था नाही आणि माणूस अकाली गेलेला आहे, तिथे मी तरी ते नाव हाकेचं करणार नाही, मधलं करीन. घरात कुणीतरी ते नाव ऐकून रोज गलबलत असेल, तर मुलाला त्याचं कारण कळण्याआधी त्याचं ओझं कळतं.

३. बंधन किती घट्ट आहे ते तपासा

'आमच्यात अमुकच लागतं' असं म्हणणाऱ्या प्रथाही आतून बऱ्याच सैल असतात. जन्मनक्षत्राचंच बघा. २७ नक्षत्रं, प्रत्येकाची चार चरणं, मिळून १०८, आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर. अश्विनीला चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू. इथवर ठीक. पण आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाचं अक्षर आहे 'ङ', हस्ताच्या तिसऱ्याचं 'ण' आणि उत्तरा भाद्रपदाच्या चौथ्याचं 'ञ'. या अक्षरांवरून सुरू होणारं नाव कुणी ऐकलंय? म्हणजे प्रथेला स्वतःलाच पर्यायी अक्षर शोधावं लागतं. शिवाय कितीतरी घरांत नक्षत्राचं नाव पत्रिकेपुरतं असतं आणि हाकेचं वेगळं. ज्येष्ठांना 'पत्रिकेतलं नाव अक्षराप्रमाणे ठेवू, हाकेचं आम्ही निवडू' असं सांगितलं, तर ती बंडखोरी नव्हे, जुनीच रीत आहे.

शीख पद्धतीत गुरू ग्रंथ साहिब उघडून जो हुकूमनामा, म्हणजे समोर आलेलं वचन, येतो, त्याच्या पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मिळतं. पुढचं नाव घरचे निवडतात, आणि तेच नाव मुलाला किंवा मुलीला चालतं. पुढे सिंग किंवा कौर लागलं की कळतं. इथे बंधन फक्त अक्षराचं आहे, त्यामुळे दुसऱ्या घराच्या पसंतीला भरपूर जागा उरते.

वाराचं बंधन सर्वांत सोपं. अकान लोकांत जन्मवाराचं नाव आपोआपच मिळतं: शुक्रवारचा मुलगा कोफी, मुलगी अफुआ; शनिवारचा क्वामे, मुलगी आमा. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांचा जन्म ८ एप्रिल १९३८ चा, तो शुक्रवारच होता. हे नाव कुणी निवडत नाही, म्हणून त्यावर कुणी भांडतही नाही, आणि त्याच्या जोडीला दुसरं नाव असतंच. बालीमध्ये क्रमावर नाव असतं: वायान, मादे, न्योमान, केतुत, पाचव्याला पुन्हा वायान. चीन आणि कोरियात एका पिढीच्या भावंडांच्या, चुलत भावंडांच्या नावात एक अक्षर समान ठेवतात. दोन अक्षरी नावातलं एक असं आधीच ठरलेलं, दुसरं मोकळं.

इस्लामी नावांत 'अब्द', म्हणजे सेवक, लावून ईश्वराच्या गुणनामांपैकी एक जोडतात. अब्दुल्ला आणि अब्दुर्रहमान ही सर्वांत प्रिय नावं असल्याचं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आलं आहे. इथे बाहेरच्या घराकडून एक चूक नकळत होते, ती म्हणजे नाव छोटं करणं. 'रहमान' हे ईश्वराचं नाव, माणूस त्याचा 'अब्द'. नुसतं 'रहमान' म्हणून हाक मारणं अनेक श्रद्धाळू घरांना रुचत नाही. लाडाचं नाव हवं असेल तर वेगळंच ठेवा.

४. एका नावावर सगळा भार टाकू नका

जगातल्या बहुतेक जुन्या समाजांनी हा तिढा एकाच युक्तीने सोडवला आहे: एका माणसाला अनेक नावं, प्रत्येकाचं काम वेगळं. बंगाली घरात 'डाकनाम' घरात हाक मारायला आणि 'भालो नाम' शाळेत, कागदावर. यहुदी माणसाचं व्यवहारात स्थानिक भाषेतलं नाव असतं आणि प्रार्थनाघरात हिब्रू. चीनमध्ये बाळपणापुरतं दुधनाव असे. ते मुद्दाम ओबडधोबड, कुत्र्यामांजरासारखं ठेवत, म्हणजे वाईट शक्तींना बाळाचा हेवा वाटू नये. मराठी घरांत धोंडू, दगडू, भिकू ही नावं त्याच भीतीतून आली आहेत, मुलं जगत नसत त्या घरांतून.

मला सर्वांत आवडते ती योरुबा रीत. नामकरणाला जमलेले आजी-आजोबा, काका-मावश्या प्रत्येकी बाळाला एकेक नाव देतात आणि सोबत थोडे पैसे ठेवतात. बाळाच्या नावांची माळच होते. त्यातलं एक रोजचं होतं; बाकीची ज्याने दिली तो हाक मारायला वापरतो. कुणाची सूचना फेटाळली जात नाही.

ही कल्पना कुठल्याही घराला उचलता येते. एका कागदावर असे रकाने आखा: हाकेचं नाव, कागदावरचं पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, विधीचं नाव, लाडाचं नाव. आता दुसऱ्या पायरीत मिळालेली प्रत्येक मागणी यांतल्या एका रकान्यात टाका. आजीला देवाचं नाव हवंय, ते विधीच्या नावात जाईल. मामाने सुचवलेलं मधलं होईल. हाकेचं आणि कागदावरचं पहिलं नाव मात्र आईबाबांनी आपल्याकडेच ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते रोज वापरणार तेच, आणि शाळेच्या दारात उभं राहणारही तेच.

विधीत एखादी भूमिका देणं हाही मान असतो. ज्यांचं नाव घेतलं गेलं नाही त्यांना ते बाळाच्या कानात सांगायचा मान द्या. रुसवा अर्ध्यावर येतो.

५. आडनावाचा प्रश्न टाळू नका, तो शेवटी जास्त तापतो

'वडिलांचं आडनाव' हाच जगाचा नियम आहे असं वाटत असेल, तर थोडं फिरून बघा. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनावच नसतं. वडिलांच्या किंवा आईच्या नावाला 'सोन' (मुलगा) वा 'दोत्तिर' (मुलगी) जोडतात, म्हणून एका घरात आई, वडील, मुलगा, मुलगी चौघांचं शेवटचं नाव वेगळं असू शकतं. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं, एक आईकडचं. २०१७ पासून वडिलांचं पहिलं हे गृहीत धरणं कायद्यातून गेलं आणि क्रम पालक ठरवतात. पोर्तुगीज रीतीत आईकडचं आधी येतं. म्यानमारमध्ये आडनाव नाही. आंग सान सू ची यांच्या नावात वडील आंग सान, आजीचं सू आणि आईच्या नावातलं ची असे तिघे आहेत. तमिळ घरांत वडिलांच्या नावाचं आद्याक्षर पुढे लागतं. महाराष्ट्राने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या नावाआधी लिहिण्याचा निर्णय घेतला.

ठरवताना दोन गोष्टी बघा: भावंडांचं एकसारखं राहणार का, आणि मूल पुढची पिढी वाढवेल तेव्हा ही रचना लांबत जाणार का. दोन आडनावं जोडचिन्हाने जोडणं पहिल्या पिढीत छान दिसतं. तशीच दोन माणसं एकत्र आली की त्यांच्या मुलापुढे चार आडनावं उभी राहतात. स्पेनने हे प्रत्येकाकडून एकच पुढे नेऊन सोडवलं आहे.

६. उरलेली तीन-चार नावं घासून बघा

आधी तोंडाने. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून हाक मारा, रागावून म्हणा, आडनावासकट म्हणा. दोन्हीकडच्या सर्वांत वयस्कर माणसाला म्हणायला सांगा. त्यांना जमत नसेल तर ते आपलं काहीतरी करून घेतील, आणि तेच टिकेल.

मग रोमन लिपीत लिहा. 'ज्ञानदा' घ्या. देवनागरीत ती निःशंक आहे. रोमनमध्ये डी-एन-वाय लिहिलं तर मराठी माणसाला कळेल, जी-वाय लिहिलं तर हिंदी भाषकाला, जे-एन लिहिलं तर संस्कृतच्या अभ्यासकाला, आणि परदेशातल्या शिक्षिकेला तिन्ही नाही. याचा अर्थ नाव टाका असा नाही. एक स्पेलिंग आजच ठरवा आणि ते आयुष्यभर सांगावं लागेल हे मान्य करा. नाव सोपंच हवं हा आग्रह मला पटत नाही. लोक कठीण नावं शिकतात, शिकवलं की.

दुसऱ्या भाषांतला अर्थ आणि लिंगही बघा. मराठीतली निकिता मुलगी, रशियातला निकिता मुलगा. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचं पहिलं नाव तेच. आंद्रेया इटलीत बहुधा पुरुष, जर्मनीत बाई. 'माला' स्पॅनिशमध्ये 'वाईट'. जगातल्या सगळ्या भाषा तपासत बसू नका. बाळ जिथे वाढणार आणि जिथे नातेवाईक आहेत तेवढ्या पुरेत.

कागदांच्या मर्यादा कुणी सांगत नाही म्हणून सांगते. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत पूर्ण नावासाठी ३९ जागा असतात, नावांमधली चिन्हं धरून. त्यापेक्षा लांब नाव कापलं जातं. उलट एकच नाव असेल तर वेगळी पंचाईत: अमेरिकी व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे 'पहिलं नाव अज्ञात', छापून येतं. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटन व्हिसावर प्रवेश बंद केला. इंडोनेशियाने २०२२ मध्येच नाव किमान दोन शब्दांचं आणि कमाल ६० अक्षरांचं असावं असा नियम केला. जिथे आडनावाची प्रथा नाही त्या घरांनी कागदावर तरी दुसरं नाव द्यावं.

७. सरकार काय चालवून घेतं

हे देशागणिक बदलतं. आइसलँडमध्ये १९९१ पासून नावांची समिती आहे. नोंदवहीत नसलेलं नाव तिच्याकडे जातं. डेन्मार्कमध्ये मान्य नावांच्या याद्या आहेत, यादीबाहेरच्या नावाला परवानगी लागते. फ्रान्सने १९९३ मध्ये पालकांना मोकळीक दिली, मात्र नाव मुलाच्या हिताविरुद्ध वाटलं तर प्रकरण न्यायालयात जाऊ शकतं. जपानमध्ये नावासाठी ठरावीक चित्राक्षरंच वापरता येतात. पण त्या मर्यादेत राहूनही १९९३ मध्ये टोकियो महानगरातल्या आकिशिमा शहरात एका जोडप्याने मुलाचं नाव 'आकुमा', म्हणजे सैतान, ठेवायचा हट्ट धरला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. अक्षरांचे मनमानी उच्चार लावण्यावरही तिथे मे २०२५ पासून बंधन आलं आहे.

न्यूझीलंडमधली २००८ ची घटना मला जास्त सांगण्यासारखी वाटते. नऊ वर्षांच्या मुलीचं नाव पालकांनी एक अख्खं गमतीदार वाक्य ठेवलं होतं. ती मैत्रिणींना खरं नाव सांगत नसे, नुसतं 'के' म्हणा म्हणे. शेवटी नाव बदलता यावं म्हणून न्यायालयाने तिचं पालकत्व तात्पुरतं स्वतःकडे घेतलं. नियम असोत वा नसोत, यादीतलं प्रत्येक नाव नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडी घालून बघा: नव्या वर्गात उभं राहून हे सांगायला जड जाईल का?

८. जाहीर करा आणि कागद तपासा

जन्माआधी नाव सांगायचं की नाही? मी म्हणेन, नको. होऊ घातलेल्या नावावर सगळे मतं देतात, ठेवलेल्या नावावर फार कमी जण. जाहीर करताना दोन्ही घरांना एकाच दिवशी कळवा. एकाला आधी कळलं ही तक्रार वर्षानुवर्षं टिकते. सोबत दोन ओळी सांगा: नाव कसं उच्चारायचं, आणि त्यात कुणाकडचं काय आहे.

जन्मदाखला हातात आला की खिडकीवरून हलण्याआधी वाचा: स्थानिक लिपीतलं नाव, रोमन स्पेलिंग, आईवडिलांची नावं त्यांच्या ओळखपत्राप्रमाणे, जन्मतारीख. ठरवलेल्या स्पेलिंगची चिठ्ठी घेऊन जा, तोंडी सांगू नका. पुढचा प्रत्येक कागद, म्हणजे लसीकरणाचं कार्ड, पासपोर्ट, शाळेचा अर्ज, या दाखल्यावरूनच भरा. चार जणांनी आठवणीतून भरले की चार स्पेलिंगं होतात. आणि काही आठवड्यांनी नाव बसत नाही असं दोघांनाही वाटू लागलं, तर शाळेचा दाखला होण्याआधी बदला. तोपर्यंत मोजकेच कागद दुरुस्त करावे लागतात.